मुख्याध्यापकांची खुर्ची आणि शेवटचा बाक

दहावीचा निकाल लागला की जळगाव काय नि धुळे काय, चौकाचौकांत अभिनंदनाचे फलक झळकू लागतात. ९५ टक्के, ९८ टक्के. खाली गुणवंतांची छायाचित्रे आणि वर संस्थाचालकांचे हसरे चेहरे. मुलांनी कष्ट केले, त्यांचे कौतुक व्हायलाच हवे. पण त्याच शाळेत पाचवीला नाव घातलेली आणि दहावीपर्यंत न पोचलेली मुले किती, हे सांगणारा फलक मी अद्याप कोठे पाहिलेला नाही. शाळेची किंमत पहिल्या बाकावरून करायची की शेवटच्या, याचे उत्तर मंत्रालयात ठरते असे आपण समजतो. माझ्या मते ते मुख्याध्यापकांच्या खोलीत ठरते, आणि रोज ठरते.

यावर कोणी म्हणेल, दोष शाळेचा नाही, गरिबीचा आहे. ज्याच्या घरी पुस्तक नाही, दिवा नाही, आईबाप मजुरीला, तो मागे राहणारच. अमेरिकेत १९६६ साली कोलमन यांचा मोठा अहवाल निघाला, तेव्हा तेथेही पुष्कळांनी त्यातून हाच अर्थ काढला. पण पुढे रॉन एडमंड्स या कृष्णवर्णीय अभ्यासकाने उलट बाजूने शोध घेतला. गरीब वस्तीत असूनही जेथे मुले चांगली शिकतात अशा शाळा त्याने धुंडाळल्या आणि त्यांच्यात समान काय आहे ते पाहिले. १९७९ साली त्याने जे मांडले त्यात ठळक गोष्ट होती ती खंबीर शालेय नेतृत्वाची, आणि कोणत्याही मुलाला अमुक पातळीच्या खाली जाऊ न देण्याच्या आग्रहाची. गरिबी खरीच आहे. परंतु ती सबब म्हणून पुढे करण्याचा अधिकार शाळेला नाही, एवढे त्यावरून निश्चित होते.

आता आपल्या खानदेशाकडे पाहू. धुळे, साक्री, अमळनेर, चाळीसगाव या पट्ट्यातले मूल घरी अहिराणी बोलते. शिरपूर, चोपडा, यावल, रावेरच्या सातपुड्यातले मूल पावरी बोलते. पहिलीच्या वर्गात पाऊल टाकताच त्याच्यापुढे पुस्तकी मराठी येते आणि आपण तिला त्याची मातृभाषा म्हणतो! अहिराणीत ‘मी जास, तू जास, तो जास’ असे एकच रूप तिन्ही पुरुषांना चालते. हे त्या भाषेचे व्याकरण आहे, मुलाची चूक नव्हे. तरी वहीत लाल रेघ उमटते, वर्गात हशा पिकतो आणि ते मूल उत्तर देणेच सोडून देते. पुढे त्याच्या नावापुढे ‘ढ’ असा शिक्का बसतो. परिपाठात अहिराणी गोष्ट सांगायला मुलांना उभे करावे, पहिली-दुसरीत घरच्या भाषेतून पुस्तकी भाषेकडे हळूहळू न्यावे, असे मुख्याध्यापकांनी शिक्षकांना सांगितले तर त्याला ना अनुदान लागते ना शासन निर्णय. मुख्याध्यापकच जर फाटकात उभे राहून ‘शुद्ध बोला’ म्हणून दरडावत असतील, तर एकट्या शिक्षकाने किती झगडावे?

दुसरी गोष्ट तुकड्यांची. मोठ्या हायस्कुलांत ‘अ’ तुकडीत निवडक मुले बसवायची, गणित-इंग्रजीचे नामांकित शिक्षक तिलाच द्यायचे आणि ‘ई’, ‘फ’ तुकड्या नवख्या किंवा तासिका तत्त्वावरच्या माणसाच्या गळ्यात घालायच्या, ही रीत आपल्यातल्या अनेकांनी सोसलेली आहे. मी ज्या शाळेत शिकलो तेथे आमच्या तुकडीला वर्षभरात विज्ञानाचे तीन शिक्षक बदलले. ‘अ’ तुकडीचे वेळापत्रक मात्र कधी हलले नाही. ज्याला जास्त हवे त्याला कमी द्यायचे, असा हा हिशेब. दवाखान्यात कोणी असे करील काय? वेळापत्रक करणे हे कारकुनी काम वाटते खरे, पण शाळेतला न्याय-अन्याय बराचसा त्याच कागदावर लिहिलेला असतो.

खानदेशात शिक्षणाचा विषय निघाला की साने गुरुजींचे नाव येतेच, आणि यावेच. ते कोकणातल्या पालगडचे. १९२४ ते १९३० अशी सहा वर्षे ते अमळनेरच्या हायस्कुलात शिक्षक होते. ते मुख्याध्यापक नव्हते. छात्रालय त्यांच्याकडे सोपवलेले होते. खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडीत, कपड्यांच्या घड्या घालून ठेवीत, आणि मुलांसाठी रोज हस्तलिखित ‘छात्रालय दैनिक’ काढीत. त्यांच्या जयंतीला आपण मातृहृदयाबद्दल भरभरून बोलतो. मला त्यात आणखी एक साधी गोष्ट दिसते. कोणता मुलगा आजारी आहे, कोण घरच्या आठवणीने झुरतो आहे, हे त्यांना ठाऊक असे, कारण मुलांजवळ बसायला त्यांच्यापाशी वेळ होता आणि छात्रालय चालवण्याची मोकळीक होती. प्रत्येक शाळेला साने गुरुजी मिळावेत ही अपेक्षा भाबडी आहे. वेळ आणि मोकळीक मात्र व्यवस्थेला देता येते.

तीच आपण देत नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा काढून पाहावा. त्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, आणि स्वतंत्र मुख्याध्यापक केव्हा, तर पट १५० च्या वर गेल्यावर. सहावी ते आठवीसाठी ही मर्यादा १०० ची. म्हणजे साक्रीच्या किंवा चोपड्याच्या डोंगरातील ज्या पाड्यावर मुलांना सर्वांत जास्त आधार हवा, तेथेच मुख्याध्यापकाचे पद नाही! दोघांपैकी एका गुरुजींकडे प्रभार असतो. खिचडीच्या तांदळाचा हिशेब, ऑनलाइन माहिती, तालुक्याची बैठक, मतदार यादी हे सारे त्यांनी पाहायचे आणि शिवाय दोन-तीन वर्ग शिकवायचे. ते तालुक्याला गेले की उरलेले गुरुजी पाचही वर्ग एका खोलीत बसवतात. शिक्षकांना अशैक्षणिक कामे देऊ नयेत असे याच कायद्याचे २७ वे कलम म्हणते, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांची वाट त्यातच उघडी ठेवली आहे. आणि निवडणुका आपल्याकडे काय थोड्या होतात?

अशा अवस्थेतही करता येण्याजोगे काम उरतेच. दसरा-दिवाळी झाली की साक्री, चाळीसगाव, पारोळा या भागांतली कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नि गुजरातेत जातात. त्याच सुमारास कापूसवेचणीने गावातली मोठी मुलेही वर्गातून नाहीशी होतात. हजेरीपटावर नुसती गैरहजेरी मांडली जाते, आणि मार्चमध्ये परतलेले मूल आपल्याच वर्गात परके होते. ज्या मुख्याध्यापकाने ऑक्टोबरातच मुकादमाला गाठून कोण कोठे जाणार ते लिहून घेतले, मुलाच्या हाती शिक्षण हमी कार्ड दिले, आजी-आजोबांना समजावून एखाद्याला गावातच ठेवून घेतले आणि परतलेल्यांसाठी एप्रिलमध्ये वेगळा वर्ग बसवला, त्याच्या शाळेत गळती कमी होणारच. हे काम कोणत्याही फलकावर येत नाही. अधिकाऱ्यांच्या शेरेपुस्तकात रंगरंगोटी, बाग आणि डिजिटल फळा यांची नोंद होते. परतलेल्या मुलांपैकी किती जण वाचायला लागले, याचा रकाना तेथे असायला हवा.

आपल्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी एखाद्या खेड्यात जाते. आपण रस्ता करतो, बंधारा घालतो, शेवटच्या रात्री करमणुकीचा कार्यक्रम करतो. प्राध्यापक महोदयांना माझी सूचना अशी की यंदा गाव निवडताना स्थलांतराचे गाव निवडावे. गुरुजींकडून मागे पडलेल्या मुलांची यादी घ्यावी, आणि सात दिवस रोज दोन तास एकेका विद्यार्थ्याने दोन-दोन मुलांजवळ वाचायला बसावे. ज्यांना अहिराणी किंवा पावरी येते त्यांना पहिली-दुसरीची मुले द्यावीत. तेवढा वेळ प्रभारी गुरुजींना आपले कागद बाजूला ठेवून वर्गावर्गांतून हिंडता येईल.