किलोला सोळा हजारांची कॉफी

वाण्याकडे आपण किलोचा भाव विचारतो. तूरडाळ, शेंगदाणे, चहाची पत्ती, सगळं किलोवर. कॉफीच्या कॅप्सूलचा भाव मात्र नगावर सांगितला जातो, आणि नगावर ऐकला की तो टोचत नाही. एका कॅप्सूलचे ८० रुपये धरू. (ब्रँडप्रमाणे आकडा खाली-वर होतो. हिशेब सोपा व्हावा म्हणून मी हा घेतला.) नेहमीच्या लहान एस्प्रेसो कॅप्सूलमध्ये कॉफी असते पाच-साडेपाच ग्रॅम. म्हणजे किलोला साडेचौदा ते सोळा हजार रुपये. चिकमगळूरच्या चांगल्या मळ्यातली, ताजी भाजलेली, पाकिटावर मळ्याचं नाव छापलेली कॉफी दोन हजारांच्या आसपास किलो पडते, आणि ती महाग म्हणून आपण पाकीट परत ठेवतो.

नेस्प्रेसोने २०२५मध्ये दिल्लीत पहिलं दुकान उघडलं. त्याआधीपासून भारतीय कॉफीवाल्यांच्या कॅप्सूलही मिळतात आणि त्यांची मशीनंही. त्यामुळे ‘घ्यावं का पॉड मशीन, म्हणजे हे कॅप्सूलवालं?’ हा प्रश्न आता परदेशातून आलेल्या पाहुण्यांपुरता उरलेला नाही. बाणेर-ठाण्याच्या फ्लॅटमध्ये तो मॉड्युलर किचनबरोबरच येतो. माझं उत्तर बहुतेक घरांना ‘नको’ असं आहे. काही घरांना मात्र ‘जरूर घ्या’ असंही आहे, आणि ती घरं कोणती हे दुकानदार सांगत नाही.

आधी पैशांचं पुरतं बघू, कारण विक्रेत्याचा सगळा युक्तिवाद त्यावरच उभा आहे. तो म्हणतो, कॅफेत कॉफीला अडीचशे मोजता, इथे ऐंशीत होते. बरोबर. पण कॅफेत आपण रोज दोनदा जातो का? महिन्यातून आठ वेळा जाणारा माणूस वर्षाला २४ हजार रुपये तिथे ठेवून येतो. तोच माणूस मशीन घरी आलं की रोज दोन कॅप्सूल वापरू लागतो. वर्षाच्या ७३० कॅप्सूल, ५८,४०० रुपये. कॅफे स्वस्त पडला! शिवाय कॅफेचे अडीचशे हे खुर्चीचे, एसीचे आणि समोर बसलेल्या माणसाचे असतात. मशीन आल्यावर ते जाणं थांबतं असं काही मी पाहिलेलं नाही. दोन्ही खर्च सुखाने शेजारी-शेजारी चालतात.

मशीनची किंमत या सगळ्यात किरकोळ आहे. पंधरा हजारांचं मशीन पाच वर्षं टिकलं तर वर्षाला तीन हजार. खरी खरेदी त्या खोक्यात नसतेच. भिंतीवरचा आरओ घेताना जशी त्याच्या फिल्टरची वर्षानुवर्षांची वर्गणीही आपण न बोलता कबूल करतो, तसंच हे. फरक एवढाच की फिल्टर वर्षातून एकदा-दोनदा बदलतो आणि कॅप्सूल सकाळ-संध्याकाळ.

ही रचना कुणाच्या नजरचुकीने झालेली नाही. एरिक फाव्र हा नेस्लेतला स्विस अभियंता. रोममधल्या सांत एउस्ताकियो या कॉफीच्या दुकानात गर्दी का होते याचा त्याने मागोवा घेतला, आणि १९७६मध्ये नेस्लेने त्याच्या कल्पनेचं पेटंट घेतलं. नेस्प्रेसो ही कंपनी स्थापन व्हायला १९८६ उजाडलं. सुरुवातीला कार्यालयांत मशीन विकायचे प्रयत्न झाले, ते फसले. मग झाँ-पॉल गैयार आला आणि त्याने मोहरा घरांकडे वळवला. मशीनं इतर कंपन्यांनी बनवायची आणि विकायची, कॅप्सूल मात्र फक्त आपण, तीही ‘क्लब’च्या सदस्यांना, उंची माल म्हणून. पुढे हाच गैयार कंपनीबाहेर पडला, २००८मध्ये त्याने त्याच मशीनमध्ये चालतील अशा कॅप्सूलची स्वतःची कंपनी काढली आणि जुन्या मालकांशी पेटंटच्या कोर्टकचेऱ्या लढला. कुलूप बनवणाऱ्यानेच पुढे किल्ल्या विकायला बसावं, तशातली गत. मूळच्या पेटंटांची मुदत २०१२च्या सुमारास संपत गेली, म्हणूनच आज जुन्या पद्धतीच्या मशीनला दहा ब्रँडच्या कॅप्सूल चालतात. कंपनीने नंतर काढलेलं व्हर्टुओ मशीन कॅप्सूलच्या कडेवरचा बारकोड वाचतं आणि त्यानुसार कॅप्सूल गरगर फिरवून कॉफी काढतं. त्यात बाहेरच्यांना शिरकाव फारसा नाही.

अमेरिकेतल्या क्यूरिग या पॉड मशीनच्या कंपनीची कथा आणखी बोलकी आहे. २०१४मध्ये त्यांनी नव्या मशीनमध्ये झाकणावरची खास शाई ओळखणारा डोळा बसवला. परक्या कंपनीचा पॉड घातला की मशीन कॉफी करायला नकार देई. लोकांनी मान्यताप्राप्त पॉडचं झाकण कापून ते टेपने डोळ्यासमोर चिकटवायला सुरुवात केली. विक्री घसरली आणि पुढच्याच वर्षी चूक झाल्याचं कंपनीला मान्य करावं लागलं. त्याच कंपनीने २०१५च्या शेवटी थंड पेयांचं ‘कोल्ड’ नावाचं पॉड मशीन काढलं, सुमारे ३७० डॉलरचं, आणि २०१६च्या जूनमध्ये बंदही केलं. गिऱ्हाइकांना पैसे परत मिळाले म्हणून बरं. मिळाले नसते तर ओट्यावर एक महागडी शोभेची वस्तू उरली असती. क्यूरिगचा एक संस्थापक जॉन सिल्वन आपला हिस्सा ५० हजार डॉलरला विकून केव्हाच मोकळा झाला होता. आपल्या घरी हे मशीन नाही आणि हे प्रकरण काढल्याचं कधीकधी वाईट वाटतं, असं त्याने २०१५मध्ये सांगून टाकलं.

तेव्हा घ्यायचंच तर पहिली अट ही : दुसऱ्या कंपनीच्या कॅप्सूल ज्यात चालतात असंच मशीन. पुन्हापुन्हा भरायची स्टीलची कॅप्सूल मिळते, तिच्या भानगडीत पडू नका. चमच्याने कॉफी भरा, दाबा, झाकण लावा, नंतर नखाने चोथा कोरून काढा. एवढं करायचं तर मशीन कशाला?

आता दुधाकडे येऊ. मराठी घरातला हा खरा मुद्दा, आणि परदेशी परीक्षणांत तो सापडायचा नाही. आपली कॉफी म्हणजे दूध. पातेल्यात दूध, साखर, कॉफी, वर किसलेलं जायफळ. पाहुणे ‘चहा नको’ म्हणाले की होते ती, जागरणाच्या रात्री होते ती. ही कॉफी काही उच्च प्रतीची नसते, पण कपभर असते आणि गरम असते. कॅप्सूलमधून येतो तो एस्प्रेसो, चाळीस मिलिलिटर. पाच ग्रॅम कॉफीचा तेवढा अर्क दीडशे मिलिलिटर दुधात ओतला की दुधाला जेमतेम रंग येतो. घरातले वडीलधारे पहिल्याच घोटाला म्हणतात, ‘यात कॉफी घातलीये का?’ मग कपाला दोन कॅप्सूल लागतात. म्हणजे १६० रुपये, अधिक दूध.

आणि ते दूध तापवतं कोण? बहुतेक लहान मशीनं फक्त पाणी तापवतात. फेस काढणारं भांडं वेगळं घ्यावं लागतं, त्यात एका वेळी एक-दोन कपांचं दूध मावतं. चार माणसांचं घर असेल तर गॅसवर पातेलं चढणारच, दूध उतू जाऊ नये म्हणून कुणीतरी तिथे उभं राहणारच, आणि सायीचा थर बसलेलं ते पातेलं भांड्यांच्या मावशींपुढे जाणारच. अर्ध्या मिनिटात कॉफी, असं जाहिरात सांगते. अर्ध्या मिनिटात मशीन तापतं, हे खरं. आपल्या घरी वेळ खातं ते दूध, आणि त्या कामाला मशीनने हातही लावलेला नसतो.

दक्षिणी फिल्टर हा त्या मानाने फार हुशार माणसाने केलेला प्रकार आहे. दोन मजली स्टीलचं भांडं, चार-पाचशे रुपयांत येतं, त्यात मोडण्यासारखं काही नाही. रात्री निजताना वरच्या भांड्यात पूड दाबायची, उकळतं पाणी ओतायचं, झाकण ठेवून झोपायचं. सकाळी खाली सगळ्या घराला पुरेल इतकं डिकॉक्शन तयार. ज्याला जशी हवी तशी कडक करून घ्या. मुंबईकरांना माटुंग्यात हवी ती पूड, हव्या त्या प्रमाणात चिकोरी घालून दळून मिळते, आणि दुकानात शिरायच्या आधी वासानेच भूक लागते. कपाला दहा ग्रॅम पूड धरली आणि किलोला हजार रुपये, तरी कप दहा रुपयांत पडतो. चिकोरी नको असेल, काळी कॉफी हवी असेल, तर मोका पॉट आहे. इटलीत १९३३मध्ये बियालेत्तीने काढला, आजही जवळजवळ तसाच मिळतो. गॅसवर पाचेक मिनिटं लागतात.

कचऱ्याबद्दल मी थोडी सावध आहे, कारण इथे लोक फार लवकर न्यायाधीश होतात. हॅम्बुर्ग शहराने २०१६मध्ये सरकारी पैशांतून कॅप्सूल घ्यायला बंदी केली, हे खरं. पण कॅनडात क्वेबेक विद्यापीठाच्या शिकुतिमीतल्या संशोधकांनी २०२३मध्ये वेगळी बाजू मांडली. कॉफीच्या कपाचा मोठा पर्यावरणीय भार पॅकिंगपेक्षा कॉफी पिकवण्यात असतो, आणि कॅप्सूलमध्ये मोजून-मापून कॉफी आणि पाणी वापरलं जात असल्याने भांडंभर कॉफी करून उरलेली ओतून देणाऱ्यापेक्षा कॅप्सूलवाला सरस ठरू शकतो. तर्क बिनतोड आहे. फक्त आपल्या घरात उरलेली कॉफी ओतून देतात कुठे? फ्रीजमध्ये ठेवून दुपारी कोल्ड कॉफी होते.

आपली अडचण निराळीच आहे. वापरलेली कॅप्सूल ओला कचरा की सुका? आत चोथा, बाहेर ॲल्युमिनियम. पुण्यात दारावर कचरा न्यायला ‘स्वच्छ’ संस्थेच्या ताई येतात, त्यांनी दोन बादल्यांची शिस्त मोठ्या कष्टाने लावली आहे. एका कॅप्सूलमध्ये ॲल्युमिनियम ग्रॅमभर. रोज दोन म्हटल्या तर वर्षाकाठी पाऊण किलोही होत नाही, आणि चोथ्याने भरलेली ती टोपणं भंगारवाला हातात धरणार नाही. जुन्या ॲल्युमिनियमपासून नवं करायला खनिजापासून करण्याच्या मानाने जेमतेम पाच टक्के ऊर्जा लागते, म्हणजे धातू परत वापरण्याजोगा नक्कीच आहे. पण त्यासाठी रोज रात्री बसून कॅप्सूल कापायची, चोथा कुंडीत टाकायचा आणि टोपण धुवून सुक्यात टाकायचं. सोय म्हणून विकत घेतलेल्या वस्तूची ही सेवा कोण करणार ते खरेदीआधीच ठरवा. बहुधा मशीनची हौस असलेला माणूस आणि ही सेवा करणारा माणूस एकच नसतो.

दोन लहान गोष्टी घाईघाईने. मशीन बाराशे-पंधराशे वॅट ओढतं. वीजबिलावर त्याने फरक पडत नाही, पण घरातल्या नेहमीच्या लहान इन्व्हर्टरवर ते चालणार नाही. आणि टँकर किंवा बोअरवेलचं जड पाणी असेल तर आत क्षार साचतात. पिण्याचं गाळलेलं पाणीच घाला, नाहीतर दर दोन महिन्यांनी क्षार काढायचं औषध फिरवत बसाल.

आता ‘जरूर घ्या’वाली घरं. एकटं राहणारी, काळी कॉफी पिणारी व्यक्ती, जी दिवसाला एकच कप घेते. उघडलेली पूड दोन-तीन आठवड्यांत वास सोडते. कॅप्सूलमध्ये हवा काढून नायट्रोजन भरलेला असतो, म्हणून कॉफी महिनोन्महिने तशीच राहते. पाच ग्रॅमसाठी पाव किलोचं पाकीट शिळं करणाऱ्यापेक्षा हा सौदा वाईट नाही. रात्रपाळीहून पहाटे घरी येणारी नर्स किंवा डॉक्टर. आणि सगळ्यात आधी, संधिवाताने बोटं आखडलेली किंवा हात थरथरणारी माणसं. उकळत्या पाण्याचं भांडं उचलणं त्यांना धोक्याचं असतं. एक कॅप्सूल, एक दांडा, एक बटण, आणि कुणाला हाक न मारता आपली कॉफी आपण केली. तिथे किलोचा भाव काढत बसणं मला असभ्य वाटतं. तरी दुकानात त्या माणसालाच दांडा उचलून बघायला सांगा. काही मॉडेलचे दांडे चांगलेच घट्ट असतात.

अशा आईवडिलांसाठी अमेरिकेतली मुलं दिवाळीला येताना मशीन बॅगेत घालून आणतात. तेवढं करू नका. तिथलं मशीन १२० व्होल्टचं, आपली वीज २३० व्होल्टची. मोबाइलच्या चार्जरला चालतो तो प्लगचा अडॅप्टर इथे कामाचा नाही. पंधराशे वॅट पेलणारा ट्रान्सफॉर्मर लागतो, तो मशीनपेक्षा जड असतो, आणि मिक्सर, टोस्टर, पोळ्यांचा डबा यांच्यामध्ये तो कुठे ठेवायचा हे आईला विचारल्याशिवाय तिकीट काढू नये.