एक वर्गणीदार, अनेक वाचक : उपनगरी वाचन आणि रंजनप्रधान कादंबरी

रंजनप्रधान कादंबरीविषयी आपल्या विद्यापीठीय समीक्षेने जे थोडेबहुत लिहिले आहे, त्यात एक गृहीत सतत आढळते. प्रेम, कुटुंब, रहस्य आणि जमल्यास एखादे इमानी जनावर, एवढ्या सामग्रीवर ही कादंबरी चालते. तिचा लेखक साचेबंद आणि वाचक पलायनवादी असतो. साचा होता, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु तो घडवला कोणी, हा प्रश्न आपण विचारलेला नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते त्याचे उत्तर लेखकाच्या प्रतिभेइतकेच, किंबहुना अधिक, खाजगी वाचनालयाच्या वर्गणीत शोधावे लागेल.

बृहन्मुंबईची हद्द १९५० आणि १९५७ अशा दोन टप्प्यांत वाढून दहिसर-मुलुंडपर्यंत पोचली. गिरगाव-दादरच्या चाळींतला मराठी मध्यमवर्ग अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथे सरकला आणि त्याच्यामागोमाग स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यांवरच्या गाळ्यांत वाचनालये आली. अनामत, महिन्याची वर्गणी, एका वेळी एक पुस्तक आणि जोडीला एखादे मासिक, हा व्यवहार. वर्गणीदार एक; वाचक मात्र घरातले सगळे. सकाळच्या लोकलमध्ये वडिलांनी अर्धे वाचलेले पुस्तक रात्री आईच्या हाती जाई, आणि तेच मुलाने चोरून आधीच संपवलेले असे.

अशा घरात शिरू पाहणाऱ्या पुस्तकाला कोणा एकाचे होऊन चालत नव्हते. १९३६ ते १९८४ या काळात हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणारे बाबूराव अर्नाळकर घेतले, तरी त्यांच्या झुंजारच्या साहसांत विजया आहेच. योगिनी जोगळेकर किंवा कुसुम अभ्यंकर यांच्या नायिकांचे प्रेम घराला वगळून पुढे जात नाही. या लेखनातील शृंगाराचा संकोच आणि शेवटची तडजोड यांना आपण लेखकाचा दुबळेपणा म्हणतो. पण आई वाचणार, मुलगीही वाचणार, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्या लेखणीवर निराळा पहारा बसतो.

हा पहारा किती खरा होता, ते चंद्रकांत काकोडकरांच्या 'श्यामा' प्रकरणावरून दिसते. १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकातील या कथेवरचा अश्लीलतेचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये काकोडकर निर्दोष सुटले. त्या निकालातही किशोरवयीन वाचकाचा विचार करावा लागला. असे प्रसंग वाचल्यामुळेच मुले बिघडतील असे खात्रीने म्हणता येत नाही, असा न्यायालयाचा अभिप्राय पडला. घरातल्या ज्या मुलाची चिंता आईबापांना होती, तोच मुलगा न्यायमूर्तींपुढेही उभा होता, असे म्हणावयास हरकत नाही!

पाळीव प्राण्यांचे प्रकरण तर अधिकच मनोरंजक आहे. बाबा कदम कोल्हापूरचे, व्यवसायाने सरकारी वकील. त्यांच्या कथाविश्वात घोडी, कुत्री, शिकार यांचा सहज वावर आहे. 'भालू'वर तर चित्रपटही निघाला. दीड खोलीच्या बिऱ्हाडात जिथे पाहुण्याला अंथरूण घालणे मुश्कील, तिथे कुत्रा पाळण्याचा प्रश्नच नव्हता. तो कादंबरीतून घरी येई आणि मुदत संपली की परत जाई. यालाच पलायन म्हणायचे असेल तर म्हणावे. मला त्यात गाव सोडून आलेल्या माणसाची एक साधी, लाजरी मागणी दिसते.

हे सारे मी अनुमानाने लिहीत आहे, आणि अडचण नेमकी तीच आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्याखालील मान्यताप्राप्त ग्रंथालयांना नोंदी ठेवाव्या लागतात. गाळ्यातल्या वाचनालयावर असे बंधन नव्हते. दुकान बंद झाले की पुस्तके रद्दीत आणि देवघेवीच्या वह्या त्यांच्याही आधी. सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी' २०१३ च्या चित्रपटामुळे पुन्हा चर्चेत आली. त्यांच्याच दारा बुलंदची जीर्ण पुस्तके मात्र कोणी सांभाळावीत? आपल्या विभागाच्या ग्रंथालयाने ती घ्यावीत, पुठ्ठ्यावरचे शिक्के आणि समासातले शेरे यांसह घ्यावीत, नवी बांधणी करून ते पुसून टाकू नयेत. पुढील सत्रातील दोन-तीन विद्यार्थ्यांना मुलुंड आणि बोरिवलीला पाठवून, अद्याप हयात असलेल्या वाचनालयचालकांच्या मुलाखती घेण्याचे काम तरी लगेच हाती घेता येईल. ही मंडळी आता वयस्कर झाली आहेत.