डिबेट कोण जिंकले, आणि मत कोणाला पडले?

आपल्याकडे ११ सप्टेंबर २०२४ ची सकाळ उजाडत होती, तेव्हा तिकडे फिलाडेल्फियात डोनाल्ड ट्रम्प आणि कमला हॅरिस यांची टीव्हीवरची डिबेट चालू होती. आमच्या अभ्यासगटातल्या दोघा-तिघांनीच ती पूर्ण पाहिली. बाकीच्यांपर्यंत ती दुपारी पोहोचली, व्हॉट्सॲपवर, वीस-वीस सेकंदांच्या तुकड्यांत. संध्याकाळी वाचनालयात जमलो तेव्हा मत मात्र सगळ्यांचे तयार होते : हॅरिस जिंकल्या.

ते चुकीचे नव्हते. सीएनएनने डिबेट पाहणाऱ्यांना लगेच विचारले, तेव्हा ६३ टक्क्यांनी हॅरिस सरस ठरल्याचे सांगितले, ३७ टक्क्यांनी ट्रम्प. आणि ५ नोव्हेंबरच्या मतदानात निवडून आले ट्रम्प. ‘चांगले कोण बोलले’ हा एक प्रश्न आणि ‘मत कोणाला देणार’ हा दुसरा. आपण कार्यकर्ते दोन्ही एकच धरतो, मतदार तसे धरत नाही. एक्झिट पोलमध्ये सुमारे दोन-तृतीयांश मतदारांनी देशाची आर्थिक स्थिती वाईट असल्याचे सांगितले. किराणा आणि घरभाड्याचा हिशेब ते रोज करत होते. दीड तासाच्या कार्यक्रमाने तो बदलणार नव्हता.

कॅरोलिन ल पेनेक आणि व्हिन्सेंट पॉन्स या अभ्यासकांनी दहा देशांतल्या ६२ निवडणुका आणि ५६ टीव्ही डिबेट तपासल्या. प्रचाराच्या शेवटच्या दोन महिन्यांत बरेच लोक मत बदलतात, पण डिबेटमुळे बदलतात असे त्यांना आढळले नाही. कोणी म्हणेल, बायडेन यांचे काय? २७ जून २०२४ ची डिबेट त्यांना भोवली आणि २१ जुलैला त्यांनी माघार घेतली, हे खरे. पण तो निकाल मतपेटीतून आला नव्हता. त्यांच्याच पक्षातल्या नेत्यांनी आणि देणगीदारांनी दबाव आणला होता.

मग डिबेट पाहून लोक जोखतात तरी काय? पुस्तकात याला १९६० चा दाखला ठरलेला : टीव्हीवर पाहणाऱ्यांना केनेडी सरस वाटले, रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन. एम.ए.ला आम्हीही हे बिनधास्त लिहून आलो. नंतर कळले की रेडिओवाल्यांचा तो आकडा एका पाहणीतल्या तीनशेहून कमी श्रोत्यांवर उभा आहे, आणि ते आधीपासून कोणाच्या बाजूचे होते हे धड तपासलेले नाही. पुढे जेम्स ड्रकमन यांनी तीच डिबेट नव्या लोकांपैकी काहींना दाखवली, काहींना नुसती ऐकवली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात पाहणाऱ्यांनी उमेदवाराच्या व्यक्तिमत्त्वावर जास्त भर दिल्याचे दिसले. म्हणजे गोष्टीत तथ्य आहे, पण पुरावा चाळीस वर्षांनी मिळाला.

आम्हाला १९७६ चे उदाहरण अधिक महत्त्वाचे वाटते. ६ ऑक्टोबरच्या डिबेटमध्ये राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड म्हणाले की पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही. डिबेट संपताच ज्यांना विचारले, त्यांच्यात फोर्ड पुढे होते. ती चूक बहुतेकांच्या लक्षातच आली नव्हती. मग दिवसभर वाहिन्यांनी आणि वर्तमानपत्रांनी तेच वाक्य उगाळले, आणि दुसऱ्या रात्री लोकांनी मोठ्या फरकाने कार्टर यांना विजयी ठरवले. डिबेट तीच, पाहणारे तेच. मधल्या चोवीस तासांत न्याय दुसऱ्यानेच करून दिला. तेव्हा ते काम वाहिन्या करत, आता आयटी सेल करतात. आणि आपणही करतो.

कारण त्या संध्याकाळी वाचनालयात सगळ्यांत जास्त हसू आले ते ट्रम्प यांच्या एका वाक्याला. ओहायोतल्या स्प्रिंगफील्ड शहरात स्थलांतरित लोक कुत्री-मांजरे खातात, असे ते म्हणाले. असा कोणताही विश्वासार्ह अहवाल नसल्याचे शहर प्रशासन सांगते, हे सूत्रसंचालकाने तिथल्या तिथे ऐकवले. लगेच त्यावर गाणी निघाली, रील्स निघाल्या. आम्हीही हसलो, फॉरवर्ड केल्या. पुढच्या काही दिवसांत त्या शहरात बॉम्बच्या तीसहून अधिक धमक्या आल्या. सगळ्या खोट्या निघाल्या, पण शाळा रिकाम्या कराव्या लागल्या. ज्यांच्याविषयी ते वाक्य होते ते हैतीहून आलेले कृष्णवर्णीय, बहुतेक कायदेशीर परवानगीने राहणारे. ताटात काय आहे यावरून अख्ख्या समाजाला हीन ठरवायची ही रीत आपल्याला नव्याने समजावून सांगायला नको. तरीही आम्ही गुण मोजत बसलो होतो. त्या वाक्याची किंमत कोण मोजणार, हे आमच्यातल्या एकानेही विचारले नाही.

आपल्या देशात पंतप्रधानपदाच्या दावेदारांची अशी समोरासमोर डिबेट होतच नाही. मे २०२४ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती मदन लोकूर, न्या. ए. पी. शहा आणि पत्रकार एन. राम यांनी नरेंद्र मोदी व राहुल गांधी यांना पत्राने निमंत्रण दिले. राहुल गांधींनी होकार कळवला. डिबेट झाली नाही. तेव्हा फार हळहळलो होतो, आता तेवढे वाटत नाही. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात राजकारणातल्या भक्तीबद्दल इशारा दिला होता. भक्ताला डिबेट दाखवून त्याच्या हाती क्लिप तेवढी लागते.

जिथे उमेदवार लोकांना माहीतच नसतो, तिथे मात्र चित्र वेगळे आहे. सिएरा लिओनमध्ये २०१२ च्या निवडणुकीआधी संसदेच्या उमेदवारांच्या डिबेट चित्रित करून गावोगावी पडदा लावून दाखवल्या. तिथे लोकांची माहिती वाढली आणि चांगल्या बोललेल्या उमेदवाराची मतेही काही टक्क्यांनी वाढली. खरी गोष्ट पुढची : डिबेटमध्ये भाग घेऊन निवडून आलेल्या खासदारांनी मतदारसंघात विकासनिधी जवळपास अडीच पट खर्च केला. चारचौघांत, कॅमेऱ्यासमोर शब्द दिलेला होता.

आमच्या प्रभागात मागच्या निवडणुकीत विहाराच्या अंगणात आम्ही सहा उमेदवारांना बोलावले होते. चार आले. एकाने बाबासाहेबांचे नाव असे काही घेतले की टाळ्या थांबेनात. एक ताई अडखळत बोलल्या, हातातला कागद थरथरत होता. पण नाल्याचे काम कशामुळे अडले आणि दलित वस्तीचा निधी कुठे पडून आहे, हे त्या चौघांत त्यांनाच माहीत होते. रात्री चौकात सगळे म्हणाले, तोच जिंकला. आम्हीही तेच म्हणालो, त्याची क्लिप ग्रुपवर आम्हीच टाकली. तो निवडून आला. नाला आहे तसाच आहे.

या वेळी महिला मंडळाच्या मावशींनी एक वही आणली आहे. नाला, मुलांची शिष्यवृत्ती, स्मशानभूमीचा रस्ता. प्रत्येक उमेदवाराचे उत्तर त्यात लिहायचे आणि खाली त्याची सही घ्यायची. क्लिप कोणी काढायची नाही, असेही त्यांनी बजावले आहे. त्यावर आमच्यात अजून वाद चालू आहे. मागच्या नगरसेवकालाही निमंत्रण गेले आहे. त्याचे उत्तर अजून आलेले नाही.