‘देवाची मर्जी’ म्हणून विषय मिटवू नका




१ मे हा कामगार दिन. आपली कॅथलिक मंडळी याच दिवशी कामकरी संत योसेफाचा सण पाळतात. मोटार शर्यतींवर जीव असणाऱ्यांना मात्र ही तारीख आठवते ती आयर्टन सेन्नाच्या मृत्यूची. १९९४ साली १ मे रविवारी आला होता. इटलीतल्या इमोलाच्या शर्यतीत सातव्या फेरीला त्याची गाडी टॅम्बुरेलो नावाच्या वळणावर सरळ जाऊन काँक्रीटच्या भिंतीवर आदळली. वय अवघं ३४. ज्या पोरांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, त्यांच्या बाइकवर आज त्याच्या नावाचं स्टिकर दिसतं. म्हणून त्याच्याबद्दल चार शब्द लिहावेसे वाटले.

सेन्ना साओ पाउलोचा. साओ पाउलो म्हणजे संत पौल. प्रेषिताच्या नावाचं शहर. १९८८, १९९० आणि १९९१ असा तीनदा तो फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला, ४१ शर्यती जिंकला. त्या वर्षांत ब्राझीलमध्ये महागाईने कहर केला होता. लोकांना रविवारी सकाळी टीव्हीसमोर बसून मान ताठ करायला लावणारा हा आपला पोरगा होता. १९९१ साली घरच्या शर्यतीत गिअरबॉक्स बिघडला आणि शेवटी गाडी सहाव्या गिअरमध्येच अडकली. तरी तो जिंकला, आणि नंतर त्याला ट्रॉफी धड उचलताही येईना. तो गेल्यावर सरकारने तीन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा पाळला. अंत्ययात्रेला लाखो लोक रस्त्यावर उभे होते. त्याच्या थडग्यावरचे शब्द रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायाच्या शेवटावर आधारलेले आहेत. देवाच्या प्रीतीपासून आपल्याला कुणी वेगळं करू शकत नाही, हा त्यांचा आशय. आपल्या दफनभूमीतही हा आशय दिसतो.

पण त्याच इमोलात आदल्या दिवशी, शनिवारी, आणखी एक चालक गेला होता. रोलंड रात्झेनबर्गर, ऑस्ट्रियाचा, वय ३३. सराव फेरीत पुढचा पंखा तुटला आणि गाडी भिंतीवर गेली. बरीच वर्षं धडपडून त्याला फॉर्म्युला वनमध्ये जागा मिळाली होती, आणि ही त्याची फक्त तिसरी स्पर्धा होती. त्याचं नाव आज फार थोड्यांना ठाऊक आहे. सेन्नाला मात्र त्याचा विसर पडला नव्हता. अपघातानंतर सेन्नाच्या गाडीत ऑस्ट्रियाचा झेंडा सापडला. जागतिक मोटार संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स मोस्ली सेन्नाच्या अंत्ययात्रेला न जाता साल्झबर्गला रोलंडच्या दफनाला गेले. सगळे तिकडे गेलेत, तर कुणीतरी इकडेही जायला हवं, असा त्यांचा साधा विचार होता.

हे मला महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे एखादा लाडका तरुण अपघातात गेला की चौकाचौकात फलक लागतात, चर्च भरून जातं. त्याच आठवड्यात त्याच रस्त्यावर बाहेरगावचा एखादा टेम्पोचालक किंवा सायकलवरून कामाला निघालेला गवंडी गेला, तर त्याचं नाव विचारायलाही कुणी थांबत नाही.

थांबण्यावरून दुसरी गोष्ट. १९९२ साली बेल्जियममध्ये सराव चालू असताना एरिक कोमास या फ्रेंच चालकाची गाडी आदळली. तो बेशुद्ध, इंजिन मात्र चालूच. सेन्नाने आपली गाडी तिथेच थांबवली, ट्रॅकवरून धावत गेला, इंजिन बंद केलं आणि मदत येईपर्यंत त्याचं डोकं सांभाळून धरलं. बाजूने गाड्या जात होत्या. चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण रविवारच्या शाळेपासून ऐकतोय. सेन्नाने तो शर्यतीच्या ट्रॅकवर करून दाखवला. आपल्या रस्त्यांवर मात्र अपघात झाला की आधी मोबाइल वर होतात. ‘पोलिसांचं लचांड कुणी मागे लावून घ्यावं?’ असं म्हणत भली माणसंसुद्धा पुढे निघून जातात. खरं तर २०१९च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलेलं आहे. त्याच्यावर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. ही माहिती प्रत्येक चर्चच्या सूचना फलकावर लागायला काय हरकत आहे?

आता मुख्य मुद्दा. अपघाती मृत्यूनंतर आपल्या घरी एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘देवाची मर्जी. त्याचे दिवस भरले होते.’ आईबापांच्या मांडीला मांडी लावून बसताना ते कुणी म्हणालं, तर मी त्याला नावं ठेवणार नाही. त्या घडीला दुसरं बोलायचं तरी काय? पण महिन्याचा मिस्सा झाला, फोटोला हार घातला, आणि त्याच वाक्याने आपण विषय मिटवतो. मग वळणावरचा खड्डा तसाच राहतो, बंद पडलेला दिवा तसाच राहतो, हेल्मेट हँडलला लटकलेलं राहतं.

सेन्नाच्या सोबत्यांनी तसं केलं नाही. त्याच महिन्यात चालकांनी आपली बंद पडलेली संघटना पुन्हा उभी केली. डॉ. सिड वॉटकिन्स हे मेंदूचे सर्जन. अपघातानंतर सेन्नावर ट्रॅकवरच उपचार करणारे तेच होते. त्यांच्या नेतृत्वाखाली तज्ज्ञांची समिती बसली. पुढच्याच वर्षी टॅम्बुरेलोचं वळण बदलून वेग कमी करायला लावणारं केलं. चालकाच्या डोक्याभोवतीच्या कडा उंच झाल्या, २००३पासून मानेला आधार देणारा पट्टा सक्तीचा झाला, २०१८पासून डोक्यावर ‘हेलो’ नावाची कमान आली. परिणाम बघा. १९९४नंतर ग्रां प्रीमध्ये चालकाला जीवघेणी जखम झाली ती थेट २०१४ साली, ज्यूल्स बियांकीला. २०२० साली बहारीनला रोमां ग्रोजांची गाडी लोखंडी कठडा फोडून आत घुसली आणि पेटली. आधी या कमानीला विरोध करणारा हाच गडी तिच्यामुळे वाचला आणि आगीतून स्वतः बाहेर आला.

थडग्यावरचे श्रद्धेचे शब्द आणि भिंत का लागली याची चौकशी, या दोन गोष्टी तिथे एकमेकींच्या आड आल्या नाहीत. आपल्याकडेच त्या का याव्यात? खड्डा आपण ठेवायचा आणि नाव देवाचं घ्यायचं, ही श्रद्धा नव्हे.

कुणी म्हणेल, वेगाने मेलेल्या माणसाचं कौतुक कशाला, पोरं बिघडतील. मला उलट वाटतं. सर्किटवर सगळे एकाच दिशेने जातात, डॉक्टर आणि रुग्णवाहिका तयार असते, हेल्मेट आणि पट्ट्याशिवाय कुणाला गाडीत बसू देत नाहीत. एवढं सगळं असून सेन्ना गेला. जानेवारी २०२३मध्ये चेन्नईच्या सर्किटवर आपले ज्येष्ठ रेसर के. ई. कुमार गेले. मग चोर्ला घाटात किंवा खानापूर रोडवर उघड्या डोक्याने गाडी दामटणाऱ्याची काय कथा? सेन्नाचं स्टिकर लावणाऱ्या पोरांना एवढंच सांगा, की तुमचा हिरो हेल्मेटशिवाय कधी शर्यतीत उतरला नाही.

सेन्नाची बहीण विवियान हिने त्याच वर्षी त्याच्या नावाने संस्था काढली. गरीब मुलांसाठी काहीतरी करायचं हे तो तिच्याशी आधीच बोलला होता. आजही ती संस्था ब्राझीलमधल्या मुलांच्या शिक्षणासाठी काम करते. आठवण अशीही ठेवता येते.

आपल्या युवक मंडळांना माझी विनंती आहे. पुढच्या वेळी कुणाच्या आठवणीत विनाहेल्मेट बाइक रॅली काढू नका. आपल्या पॅरिशच्या, मंडळीच्या हद्दीत गेल्या दोन-तीन वर्षांत कुठे कुठे माणसं गेली, याची यादी करा. आपली आणि परक्यांची, दोन्ही. प्रत्येक ठिकाणी काय बिघडलंय ते जाऊन पाहा, फोटो काढा, लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि काम होईपर्यंत पाठ सोडू नका. २ नोव्हेंबरला दफनभूमीत मेणबत्त्या लावताना त्या अर्जांचं काय झालं, तेही एकमेकांना विचारा.

आपला,
एक वाचक, कॅम्प, बेळगाव