कानावर पडलेले

अनेक महाविद्यालयांत कार्यालयाचा दूरध्वनी एकच असतो आणि त्याचीच 'पॅरलल' जोडणी प्राध्यापक-कक्षात दिलेली असते. तारेची जोडी एक, यंत्रे दोन. इकडे कोणी बोलत असताना तिकडे रिसीव्हर उचलला की 'खट्' असा आवाज होतो आणि पलीकडचा आवाज किंचित खोल जातो. ही खूण ठाऊक असलेला सावध होतो. इतर बोलत राहतात. मोबाइल आल्यावर हा प्रश्न मिटला, असे म्हटले जाते. परंतु शुल्क, शिष्यवृत्ती, गैरहजेरी अशा कामांसाठी पालक आजही कार्यालयाच्याच क्रमांकावर फोन करतात.

काही वर्षांपूर्वी आमच्यापैकी एकाने असाच रिसीव्हर उचलला. एका विद्यार्थिनीचे वडील शुल्काचे हप्ते पाडून मागत होते आणि त्यासाठी घरची सारी स्थिती लिपिकाला सांगत होते. रिसीव्हर ठेवायला हवा होता; ठेवला गेला नाही. मधल्या सुट्टीत चहाबरोबर तो विषय निघाला, अर्थात सहानुभूतीनेच. दोन दिवसांनी आम्ही त्या मुलीला म्हणालो, "फीची काळजी करू नकोस." तिने विचारले, "सर, तुम्हांला कसे कळले?" उत्तर आमच्याजवळ नव्हते.

मराठीत 'कानावर पडणे' आणि 'कान देणे' असे दोन वेगळे वाक्प्रचार आहेत. पहिल्यात दोष नाही. दुसऱ्यात इच्छा आहे. सामायिक फोनवरील खासगीपणाचा सारा प्रश्न या दोहोंमधल्या क्षणाचा आहे. 'कानाआड करणे' हा तिसरा वाक्प्रचार आपण एरवी ठपका ठेवण्यासाठी वापरतो. येथे मात्र तोच सद्गुण ठरतो.

दूरध्वनीवरील संभाषण हा खासगीपणाच्या अधिकाराचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली सांगितले. 2017 साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपण हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. परंतु 1996च्या त्या निकालाचा रोख सरकारने चोरून ऐकण्यावर होता. चहाच्या टेबलाशेजारचा कान न्यायालयाच्या नजरेत सहसा येत नाही. तेथे आपली सभ्यता हाच कायदा.

ही सभ्यता काही साध्या सवयींतून घडवता येते. पॅरलल जोडणी काढून ईपीएबीएक्सवरून स्वतंत्र एक्स्टेन्शन द्यावे. म्हणजे एकाचे बोलणे दुसऱ्या यंत्रावर आपोआप ऐकू जाणार नाही. फोन खिडकीसमोरच्या रांगेपासून दूर ठेवावा. "काय म्हणालात, शिष्यवृत्ती नामंजूर झाली?" असे पलीकडचे वाक्य मोठ्याने पुन्हा उच्चारू नये. निरोपाच्या वहीत नाव, वेळ आणि क्रमांक एवढेच लिहावे, कारण लिहू नये. स्पीकर बंद ठेवावा.

आम्ही वर्गात कथेतील पात्रांचे अंतरंग उलगडून दाखवतो. तो हक्क लेखकाने वाचकाला दिलेला असतो. त्या मुलीच्या वडिलांनी आम्हांला तसा कोणताही हक्क दिलेला नव्हता. मदत करायचीच होती, तर ती मुलगी आपण होऊन सांगेपर्यंत थांबायला हवे होते, आणि तिला सांगावेसे वाटेल असे वागायला हवे होते.