बेरोजगारीचा मासिक आकडा आणि त्यात नसलेला रकाना

दर महिन्याच्या १५ तारखेच्या आसपास केंद्राचे सांख्यिकी मंत्रालय बेरोजगारीचा आकडा जाहीर करते. २०२५ च्या एप्रिलपासून हा आकडा मासिक झाला. त्या एप्रिलमध्ये बेरोजगारी ५.१ टक्के होती, मे आणि जूनमध्ये ५.६ टक्के. बातमी इथेच संपते. आपल्या तरुणांनी मात्र खालची ओळ वाचावी. १५ ते २९ वयोगटात हेच प्रमाण एप्रिलमध्ये १३.८, मेमध्ये १५ आणि जूनमध्ये १५.३ टक्के होते.

हा आकडाही पूर्ण चित्र दाखवत नाही. मागच्या सात दिवसांत एक तास जरी काम केले, तरी तो माणूस रोजगारात धरला जातो. आठवड्यातून एक दिवस नाक्यावर काम मिळालेला बेरोजगार नाही. पुण्यातल्या अभ्यासिकेत तीन वर्षे एमपीएससीची पुस्तके घेऊन बसलेला, सध्या काम न शोधणारा मुलगाही बेरोजगार नाही. तो मोजणीतच नाही!

दर महिन्याला येणारा दुसरा आकडा नोकरी डॉट कॉमच्या जॉबस्पीक निर्देशांकाचा. कोणत्या क्षेत्रात भरती वाढली, कुठे घटली, हे त्यातून कळते. पण तो त्याच संकेतस्थळावरच्या जाहिराती आणि कंपन्यांनी केलेला उमेदवारांचा शोध यांवर बेतलेला आहे. ओळखीने भरल्या जाणाऱ्या जागा त्यात येत नाहीत, आणि ओळख हीच तर आपली अडचण आहे. आयटीचा भरवसाही कमी झाला आहे. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार जणांना कमी करण्याचे जाहीर केले.

या दोन्ही मासिक आकड्यांत जातीचा रकाना नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले होते, फक्त आडनावे बदलून. दलित आडनावाला बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या सुमारे दोन तृतीयांश निघाली. भरती वाढली असे आपण वाचतो, तेव्हा ती कोणाची वाढली हा प्रश्न राहतोच.

सरकारी नोकरीत निदान बिंदुनामावली आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने खासगी संस्थांमार्फत कंत्राटी पदे भरण्याचा निर्णय काढला, आणि तरुणांच्या विरोधानंतर ऑक्टोबरमध्ये रद्द केला. तो विजय खरा होता. तरीही सफाई, सुरक्षा, संगणक चालक ही कामे कंत्राटावर चालूच आहेत आणि तिथली बिंदुनामावली कोणी तपासत नाही.

सामाजिक गटानुसार आकडे वार्षिक अहवालात येतात. मासिक नमुना लहान आहे, हे मान्य. पण तिमाही अहवालात अनुसूचित जातींचा वेगळा तक्ता का नको, हे संघटनांनी मंत्रालयाला लेखी विचारावे. आणि आपल्या महापालिकेत किती जागा कायम, किती कंत्राटी, याचा माहिती अधिकाराचा अर्ज तर याच आठवड्यात टाकता येतो. फी दहा रुपये आहे.