बोलीची शिवाशिव

बालगीत शुद्ध भाषेतच असावे, बोलीचा विटाळ त्यास होऊ नये, असा आग्रह खानदेशातील सुशिक्षित घरांत अद्याप धरला जातो. जळगाव-धुळ्याकडील मूल 'डोळा' न म्हणता 'डोया' म्हणाले, 'माझ्या घरात' न म्हणता 'मना घरमा' म्हणाले, की आईबापांच्या कपाळास आठी पडते. हा आग्रह आम्हांस नुसता चुकीचा नव्हे, मुलांच्या अहिताचा वाटतो.

नवल असे, की हीच घरे बहिणाबाई चौधरींचा अभिमान मिरवितात. असोद्याच्या या निरक्षर कवयित्रीने शेतात व जात्यावर रचलेली गाणी पुत्र सोपानदेव व आप्त यांनी उतरून घेतली. १९५१ साली त्या निवर्तल्या आणि १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. आज जळगावच्या विद्यापीठास त्यांचे नाव आहे. त्यांची कविता मुलाने त्यांच्याच उच्चारांत म्हटली तर शाबासकी मिळते. तोच उच्चार त्याने स्वतःच्या वाक्यात केला तर तांबडी रेघ येते. कवितेत सोने ठरणारी भाषा मुलाच्या तोंडी येताच माती कशी होते, हे आम्हांस कोणी समजावून सांगावे.

प्रतिपक्ष बालकवींचे नाव पुढे करतो. १८९० साली धरणगावी जन्मलेल्या ठोमऱ्यांनी प्रमाण मराठीतच अमर कविता लिहिली, हे खरे; आम्हीही तिचे भक्त आहो. परंतु १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात 'बालकवी' हे नाव त्यांना मिळाले ते कोवळ्या वयातील कवित्वाबद्दल, बालकांसाठी लिहिल्याबद्दल नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बोलीत रमलेले मूल परीक्षेत व नोकरीत मागे पडेल, ही भीती खोटी नाही. याच भीतीने आम्हीही आमच्या मुलांस पदोपदी टोकले. फळ इतकेच, की ती आजीशी मोकळेपणी बोलेनाशी झाली. प्रमाण भाषा आलीच पाहिजे, यात वाद नाही. वाद आहे तो क्रमाचा. गीत आधी कानाचे असते. अर्थ शोधण्यात गुंतलेले मूल ठेक्यावर डोलत नाही. शिवाय 'डोया' आणि 'डोळा' यांचे नाते एकदा दाखविले, की 'केयी' व 'केळी' ही जोडी ते आपण होऊन जुळविते. बोली ही अशी प्रमाण भाषेची पायरीच होय.

सादी-हाफिजांचा वारसा सांगणाऱ्या फारसीतही अहमद शामलू यांनी 'परिया' ही कविता बोलचालीच्या भाषेत, लोकगाण्यांच्या धाटणीवर रचली. तेवढ्याने हाफिज बाटला नाही.

मात्र हसे पिकविण्यापुरते दोन गावंढळ शब्द पेरणारे पद्यकार आम्हांस नकोत. बोली ज्याच्या कानात आहे त्यानेच तीत लिहावे.

२०११ च्या जनगणनेत 'खानदेशी' या नोंदीखाली १८ लाखांहून अधिक भाषक आहेत. त्यांच्या मुलांस स्वतःच्या बोलीतील गाण्यांचे एक साधे पुस्तक मिळावे, ही मागणी फार नव्हे. प्रकाशकांनी मनावर घेईपर्यंत आमच्या वाचकांनी एवढे करावे: घरातील आजीला तिची अंगाईगीते म्हणावयास सांगावे, ती जशीच्या तशी उतरून घ्यावीत, आणि उतरताना एकही शब्द सुधारू नये.